साडेचार हजारांत ‘हातमागाची पैठणी’: पैसे पाठवण्याआधी काय बघाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे. इन्स्टाग्रामवरच्या लाइव्हमध्ये बांगडी मोराची, म्हणजे बांगडीसारख्या गोलात मोर असलेल्या नक्षीची, एक पैठणी ‘शंभर टक्के प्युअर हँडलूम’ म्हणून ४,५०० रुपयांना दाखवली. तशीच दिसणारी दुसऱ्या एका पानावर ‘सेमी’, म्हणजे यंत्रमागाची नक्कल, म्हणून १,८०० ला आहे. दुकानात त्याच नक्षीचे ३२,००० सांगितले. फोटोत तिन्ही सारख्याच. आईसाठी एक आणि स्वतःसाठी एक घ्यायची आहे, दोन्ही मिळून वीस हजारांच्या आत. मग पैसे पाठवण्याआधी खरी कोणती हे ओळखायचं कसं, आणि नक्कल घ्यायची ठरवलीच तर त्यातली बरी कोणती?

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवू. जे नाव सांगून विकताहेत ते कापड तेच आहे का, हा एक. आणि ते कापड मोजलेल्या पैशाला चांगलं आहे का, हा दुसरा. १,८०० ची सेमी ‘सेमी’ म्हणूनच विकत असतील तर तिच्यात फसवणूक काहीच नाही. यंत्रमागाची साडी नेसणं हा गुन्हा नाही, आणि प्रत्येकीने हातमागाचीच नेसावी असा आग्रह धरणाऱ्यांना महिन्याचा हिशोब मांडावा लागत नसावा. मला खटकते ती मधली, साडेचार हजारांची. तिथे नक्कल नक्कल म्हणून मिळत नाही, नाव खऱ्याचं लावून सत्तावीसशे जास्त घेतले जातात.

मी नाशिकला फॉल-पिको, रफू आणि साडी पॉलिशचं काम करते. साड्या विकत नाही, म्हणून अमुकच घ्या म्हणण्यात माझा काही फायदा नाही. फक्त एवढंच, की माझ्या हातात साडी बहुतेक वेळा उलटी असते. फॉल लावायचा तर काठाची मागची बाजू, रफू करायचं तर एकेक धागा मोजून, आणि दोन-चार लग्नं फिरून आली की तीच साडी परत दुरुस्तीला. दुकानातल्या दिव्याखाली जे दिसत नाही ते तेव्हा दिसतं.

आधी हिशोब करा, कारण त्याला साडी हातात असावी लागत नाही. अरुंद काठ, छोटा पदर, अंगावर विरळ बुट्ट्या अशी साधीतली साधी पैठणी हातमागावर विणायला दोन-तीन आठवडे जातात. पदर भरलेला असेल तर काही महिने. पंधरा दिवस धरा आणि विणकराला दिवसाचे फक्त ५०० रुपये द्या, तरी मजुरीच ७,५०० होते. त्यावर रेशीम, जर, रंगाई, विकणाऱ्याचा नफा. बांगडी मोराचा पदर तर साधा मुळीच नाही. म्हणजे ४,५०० ला ‘शंभर टक्के हातमाग’ हे वाक्य बेरजेतच बसत नाही, पुढची कुठलीही परीक्षा न करता. ‘विणकराकडून थेट, मधला दलाल नाही’ असं सांगतात खरं, पण दलाल गेला म्हणून विणकराचं पोट जात नाही. उलटं मात्र गृहीत धरू नका. ३२,००० सांगितले म्हणून ती हातमागाचीच, असंही नाही. भाव खाली असेल तर खोटेपणा पकडता येतो, वर असेल तर खरेपणा सिद्ध होत नाही.

आता मुख्य गोष्ट, पदराची मागची बाजू. ती का बोलते हे समजलं की बाकीच्या युक्त्या पाठ करायची गरज उरत नाही.

खऱ्या पैठणीच्या पदरात नक्षी वरून भरलेली नसते, ती कापडच असते. जरीच्या जमिनीत मोर विणायचा तर विणकर मोराच्या जागेपुरता हिरवा धागा छोट्या कांडीवरून हाताने घालतो, मोर संपला की तिथेच तो थांबतो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवतो आणि मागे वळवतो. प्रत्येक रंग आपापल्या हद्दीत, शेतांचे बांध एकमेकांना भिडावेत तसा. त्यामुळे कुठलाही धागा मागच्या बाजूने मोकळा लोंबत दुसरीकडे जात नाही, आणि पदर उलटा केला तरी तोच मोर, तेच रंग, तितकाच स्वच्छ दिसतो. धाग्याचं एखादं टोक दिसेल, तेवढंच.

यंत्रमागावर हे जमत नाही. तिथे प्रत्येक रंगाचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. जिथे नक्षीत तो रंग हवा तिथे तो वर येतो, बाकी वेळ मागे लपतो. म्हणून मागच्या बाजूला आडवे रंगीत पट्टे किंवा मोकळे लांब धागे दिसतात. ते कापून टाकलेले असतील तर मागून बोट फिरवताना केसाळ, खरखरीत लागतं. काही ठिकाणी त्यावर जाळी शिवून टाकतात. जाळी असणं वाईट नाही, बनारसी ब्रोकेडला तर लावावीच लागते. पण हाताने विणलेल्या पैठणीच्या पदराला जाळीचं कामच नसतं. दुकानदार ‘पदर खराब होऊ नये म्हणून’ असं सांगत असेल तर हसून म्हणा, एका कोपऱ्यातून उसवून दाखवा.

काठाकडेही तसंच बघायचं. अंग हिरवं, काठ जरीचा किंवा वेगळ्या रंगाचा असेल तर हातमागावर आडवा धागा तीन धोट्यांनी (धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनांनी) जातो: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. जिथे काठ आणि अंग भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवलेले असतात. याला कडियल म्हणतात. मागून पाहिलं तर त्या रेषेवर गुंतण दिसते आणि काठाचा रंग पूर्ण स्वतःचा असतो. साध्या यंत्रमागावर अंगाचाच आडवा धागा सरळ काठातूनही जातो. त्यामुळे लाल काठात बारकाईने पाहिलं की हिरव्याची छटा मिसळलेली असते, लाल जरा मळकट वाटतं. उजेडात काठ वाकवून बघा, लगेच कळतं. मी स्वतः पदराच्या आधी हेच बघते, कारण पदराची मागची बाजू झाकता येते, काठाची झाकणं अवघड.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर माझ्यामुळे एखाद्या विणकराचा चांगला माल तुम्ही परत कराल. येवल्याला हातमागावरच जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारं साधन, लावून काठ विणतात, मुनिया पक्ष्यांच्या ओळीचे वगैरे, ज्याला ब्रोकेड पैठणी म्हणतात. तिच्या काठाच्या मागे मोकळे धागे असतात. ती हातमागाची असू शकते, महागही असू शकते. अशा वेळी पदर बघून ठरवा. पदर दोन्हीकडून सारखा आणि काठामागे धागे, हे जुळतं. पदर आणि काठ दोन्हीकडे मागे धागे, तर मग हातमागाचा दावा करणाऱ्याने तो पटवून द्यायचा, तुम्ही नाही.

नक्षीची वळणंही बघण्यासारखी असतात. हाताने धागे मोजून विणलेल्या मोराची कड थोडी पायऱ्या-पायऱ्यांची, कोनाकोनाची असते. मान अगदी गोल वळत नाही. पदरातले चार मोर शेजारी ठेवून पाहिले तर एकाची चोच बारीक, एकाची जाड. जॅकार्डचा मोर गुळगुळीत, नाजूक, पिसांत पिसं असलेला, आणि सगळे मोर हुबेहूब. गंमत म्हणजे नवख्या डोळ्याला दुसराच ‘जास्त सुबक’ वाटतो. फोटोत तिन्ही सारख्या दिसल्या म्हणता, तर हे एकदा मोठं करून परत बघा.

हातमाग की यंत्रमाग हा एक भाग झाला. रेशीम खरं की नाही हा वेगळा, आणि इथे विकणाऱ्यांची भाषा फार निसरडी आहे. ‘प्युअर पैठणी’ म्हणताना काहींना फक्त एवढंच म्हणायचं असतं की धागा रेशमाचा आहे, माग यंत्राचा असला तरी. ते खोटं नसतं, पण तुम्ही त्याचा अर्थ हातमाग असा लावता. ‘सेमी’ म्हणजे कधी ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा) दुसऱ्या कशाचा, तर कधी रेशमाचा पत्ताच नाही. ‘आर्ट सिल्क’मधलं आर्ट कलेचं नव्हे, कृत्रिमचं. ‘सिल्क फील’, ‘हँडलूम फिनिश’ असे शब्द दिसले की समजा, ज्याचं नाव घेतलंय तेच त्यात नाही. आणि ‘येवला पैठणी’ हे नाव आता गावाचं कमी आणि डिझाइनचं जास्त झालंय. खुद्द येवल्यातही यंत्रमागाच्या साड्या भरपूर मिळतात, त्यामुळे ‘आम्ही येवल्याहून आणली’ हे उत्तर होऊ शकत नाही.

रेशीम ओळखायला धागा जाळून बघतात. ही परीक्षा चांगली आहे, पण अर्धवट केली तर फसवते. साडीच्या मधून धागा ओढू नका, पदराच्या किंवा ब्लाउजपीसच्या टोकाचे सुटे धागे घ्या. उभा वेगळा, आडवा वेगळा, दोन्ही जाळा, कारण सेमीमध्ये एक दिशा रेशमाची असू शकते आणि तुमच्या हाती नेमका तोच धागा यायचा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ते लवकर विझतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला कडक मणी होतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो व्हिस्कोसमध्ये, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्यात. ते वितळत नाही, मणी होत नाही, कागदासारखं जळतं आणि मऊ राख सोडतं. ‘वितळलं नाही म्हणजे रेशीम’ असा निष्कर्ष काढून पुष्कळ जणी व्हिस्कोसची साडी रेशमाच्या भावाने घेतात. म्हणून राखेपेक्षा वासावर भर द्या. कागद की केस, एवढंच.

हे सगळं दुकानात करायला संकोच वाटत असेल तर सिल्क मार्क आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेली ही खूण धागा शुद्ध रेशमाचा असल्याची हमी देते. पण फक्त धाग्याची. साडी हातमागाची आहे की नाही, याबद्दल तो टॅग काहीच सांगत नाही, आणि विकणारे नेमका तोच दाखवून ‘बघा, सरकारी शिक्का’ म्हणतात. हातमागासाठी वेगळी खूण आहे, हँडलूम मार्क, २००६ पासूनची. दोन्ही एका साडीवर असतील तर उत्तम. हँडलूम मार्क नसला म्हणजे साडी खोटी असं मात्र नाही. कित्येक विणकर या नोंदणीच्या भानगडीत पडत नाहीत.

जरीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण दुकानात या विषयावर सगळे पुटपुटतात. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हातमागाच्या पैठण्यांतसुद्धा चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली जर नसते. ती हवी असेल तर मुद्दाम सांगून विणून घ्यावी लागते आणि किंमत कुठल्या कुठे जाते. नेहमीची जर म्हणजे ‘टेस्टेड’, तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर असलेली. त्याखाली प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर चकाकी दिलेली. टेस्टेड जर वर्षांनी काळवंडते, हे तिच्या स्वभावात आहे. प्लॅस्टिक काळं पडत नाही, पण त्याची चकाकी सोलून निघते आणि खालची पांढुरकी पट्टी उघडी पडते. शिवाय गरम इस्त्री लागली की ती आकसते. ‘जर नखाने खरवडा, आत लाल धागा दिसला तर खरी’ असं सांगतात. त्याचा फारसा भरवसा धरू नका. आतला धागा लाल किंवा केशरी रंगवणं नकली जर करणाऱ्यालाही येतंच. चुरगळून बघणं बरं. धातूची जर वाकवली की वाकलेली राहते, प्लॅस्टिक परत उसळी मारतं.

बाकीच्या प्रसिद्ध परीक्षा पटकन निकालात काढते. अंगठीतून साडी ओढणे: पातळ पॉलिस्टरही जातं, आणि जड जरीचा खरा पदर अडकतोसुद्धा. कापड चोळून गरम होतंय का बघणे: दुकानाच्या एसीत आणि मे महिन्यातल्या घरात वेगवेगळी उत्तरं मिळतात. काठाजवळ टाचणीची बारीक भोकं असणे: हातमागावर कापड ताणून धरायला काट्यांची पट्टी लावतात त्याची ती खूण, हे खरं. पण यंत्रमागावरही तसेच काटे असतात. साडी जड म्हणजे भारी: खळ भरपूर मारली तरी वजन आणि कडकपणा येतो. ब्लाउजपीसचा कोपरा दोन्ही हातांत घेऊन साबण लावल्यासारखा चोळा, पांढरी पूड पडली किंवा कापड अचानक लुळं झालं तर वजन खळीचं होतं. रंग जातोय म्हणजे नकली, हेही नाही. अस्सल रेशमातले राणी आणि जांभळे रंगही पहिल्या पाण्यात सुटतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यावर सहसा कुणी नीट बोलत नाही: सेमी घ्यायचीच आहे, तर चांगली कोणती? इथे पैठणी हे नाव थोडं बाजूला ठेवा आणि कापड म्हणून बघा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सेमी साड्या ठरावीक तीन-चार जागीच जातात, त्यामुळे मी उलट्या बाजूने सांगू शकते.

पहिली जागा पदराची. मागचे कापलेले धागे किती आखूड कापलेत ते बघा. फार आखूड असतील तर एक-दोन धुण्यांनंतर ते पुढच्या बाजूने निसटतात आणि मोराचा डोळाच गळून पडतो, पोपटाची चोच जाते. न कापता लांब सोडलेले असतील तर बांगडीत, मंगळसूत्रात अडकून ओढले जातात आणि पुढून कापड गोळा होतं. मधलं बरं: धागे साधारण अर्धा सेंटिमीटर सोडलेले, दाट, आणि नखाने हलके ओढले तरी न सुटणारे. लांब धाग्यांचीच आवडली तर पदराला मागून मऊ नेट लावून घ्या, तेवढा खर्च किमतीत धरा.

दुसरी जागा काठ आणि अंग यांच्या सांध्याची. साडी टेबलावर सैल पसरवा, ओढून सपाट करू नका. काठ सरळ पडतोय की लाटा येताहेत? काठ जास्त ताणलेला असेल तर अंग झोळ मारतं, निऱ्या कधीच नीट बसत नाहीत, आणि मग बायका म्हणतात फॉल नीट लावला नाही. दोष फॉलचा नसतो. प्लॅस्टिक जरीचा रुंद काठ असेल तर इस्त्रीनंतर हे आणखी वाढतं.

तिसरी, धागा सरकण्याची. दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकंसं आडवं ताणा. विण उघडून जाळी पडली आणि सोडल्यावर मिटली नाही, तर ते कापड ब्लाउजच्या शिवणीवर आणि जिथे पिन लावता तिथे फाटणार. विशेषतः खांद्यावर. अशा सरकलेल्या जागी रफूही नीट बसत नाही, कारण धरायला घट्ट विणच नसते. ही एकच परीक्षा करायला वेळ मिळाला तर हीच करा. रंग, नक्षी, चमक यांपेक्षा साडी किती वर्षं टिकेल हे यातून जास्त कळतं.

चौथी अंगाला लागण्याची. जरीच्या काठाची कड हाताच्या आतल्या बाजूवर फिरवा. टोचली तर कमरेला आणि मानेला दिवसभर टोचेल. बहिणीचं लग्न मे महिन्यातलं, म्हणून पूर्ण पॉलिस्टरपेक्षा व्हिस्कोस किंवा रेशीम मिसळलेली सेमी घ्या. चमक जरा कमी वाटेल, पण घाम शोषला जातो आणि निऱ्याही फुगत नाहीत. छापील पैठणी मात्र मी घेणार नाही. कापडावर मोर छापलेला असतो आणि उलटी केली की फिका दिसतो, एवढ्यावरून ती ओळखता येते. ती छान दिसते, पण मग तिला पैठणी कशाला म्हणायचं, छापील साडी म्हणून स्वस्तात घ्या.

मापही विचारा. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस त्याशिवाय, की ब्लाउजपीस धरून साडेपाच? स्वस्त मालात हीच चलाखी असते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदीही विचारा. उंच बाईला दोन-तीन इंच कमी पडले की फॉल पायाच्या वरच दिसतो.

ऑनलाइन घेताना हे सगळं हात न लावता करायचंय, त्यामुळे काही गोष्टी मुळातच कळणार नाहीत, हे धरून चला. धागा सरकतो का, काठ टोचतो का, हे व्हिडिओत दिसत नाही. पण बाकीचं विचारता येतं. लाइव्हमधल्या पिवळ्या दिव्यांखालचे फोटो नकोत. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, त्याच साडीचा न कापलेला व्हिडिओ मागा: आधी पदर पुढून, मग तोच कोपरा उलटून, मग काठ-अंगाच्या सांध्यावर मोबाइल जवळ नेऊन मागची बाजू. ‘त्याच साडीचा’ यावर अडून बसा. नमुन्याला हातमागाची दाखवून पाठवताना दुसरीच घडी घालणारे आहेत. व्हिडिओत हातावर लिहिलेला तुमचा ऑर्डर नंबर दिसू द्या म्हटलं की बरेच जण एकदम ‘स्टॉक संपला’ म्हणतात.

आणि एक प्रश्न लेखी विचारा: ‘ही साडी हातमागावर विणलेली आहे का, आणि बिलावर तसं लिहून द्याल का?’ बघायचं ते उत्तर नाही, उत्तर कसं येतं ते. ज्याच्याकडे खरी आहे तो एका शब्दात हो म्हणतो, बऱ्याचदा विणकराचं गावही सांगतो. ज्याच्याकडे नाही तो ‘क्वालिटी बघा ताई, तक्रार येणार नाही’ अशा दिशेने जातो. ‘पैठणी’ एवढंच लिहिलेलं बिल पुढे काही कामाचं नाही. ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहिलेलं बिल असेल आणि साडी तशी निघाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहा, पुष्कळदा तिथेच पैसे परत मिळतात. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. फॉल-पिको करायच्या आधी पदर उलटून बघा, कारण शिवलेली साडी कुणीच परत घेत नाही. माझ्याकडे फॉलसाठी आलेल्या साडीची मागची बाजू बघून मला कळतं, पण तोवर परतीची मुदत गेलेली असते आणि समोरच्या बाईला सांगावं की नाही हा माझा पेच असतो.

तुमच्या वीस हजारांचं मी काय करीन? साडेचार हजारांची सोडून देईन, कारण १,८०० ला सेमी म्हणून मिळतेय ती आणि ही बहुधा एकाच मागावरच्या आहेत. स्वतःसाठी सेमीच घेईन, वरच्या जागा तपासून, दोन-तीन हजारांत. तुम्ही ती लग्नात, नंतर हळदीकुंकवाला, ऑफिसातल्या दिवाळीला नेसाल, दोन-चार वर्षांत कंटाळाल. उरलेले सगळे आईच्या साडीत घालीन. पंधरा-सतरा हजारांत बांगडी मोर मिळणार नाही, त्याचा हट्ट सोडा. साधा नारळी काठ, छोटा पदर, अंगावर बारीक बुट्टी अशी हातमागाची बघा. दिसायला ती सेमीपेक्षा साधी वाटेल, हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमची साडी बघून तिला वाटेल मुलीने जास्त महागाची घेतली. जमलं तर ही एक साडी ऑनलाइन न घेता प्रत्यक्ष जाऊन घ्या. येवल्यात माग चालू असलेल्या घरांतून विकत घेता येते. पैठणला लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे, तिथे विणताना बघायला मिळतं. एकदा माग चालताना पदराची विण पाहिली की पुढे कुणाच्या फोटोवरून विचारायची वेळ येणार नाही.

साड्या आल्यावर फॉल देताना एक लक्षात ठेवा. सुती फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, मगच लावायला सांगा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठ ओढला जातो. सेमीच्या काठावर तर इस्त्री कमी आचेवर, वर सुती कापड ठेवून.